ऊसतोडणी कामगारांचे स्थलांतर : संशोधन, संघटना आणि कायदा

महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेत सहकारी साखर कारखानदारीचे स्थान सर्वश्रुत आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांचा पुढाकार व डॉ. धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन यांतून प्रवरेच्या परिसरात उभा राहिलेला सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला आणि पुढील काही दशकांत या चळवळीने पश्चिम महाराष्ट्राचे रूप पालटले. या चळवळीचा अभ्यासही विपुल झाला आहे. बी. एस. बाविस्कर यांचा कोपरगावच्या कारखान्यावरील ग्रंथ १९८० साली प्रसिद्ध झाला. डोनाल्ड अॅटवूड यांचा पश्चिम भारतातील ऊस व राजकारण यांवरील ग्रंथ १९९२ साली आला. सभासद शेतकरी, संचालक मंडळ, निवडणुका, उसाचा भाव असे या व्यवस्थेचे अनेक पैलू अशा ग्रंथांतून उजेडात आले.

परंतु उभ्या उसाची साखर होण्यापूर्वी तो कोणी तरी तोडावा लागतो. हे काम करणारा कामगार बहुतांशी त्या गावचा नसतो, त्या तालुक्याचा नसतो आणि सामान्यतः त्या जिल्ह्याचाही नसतो. तो कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो आणि सभासदांच्या यादीतही नसतो. हंगाम संपला की तो निघून जातो. अशा कामगाराची नोंद कोणी घ्यावी, त्याच्या वतीने कोणी बोलावे आणि कोणत्या कायद्याने त्याला संरक्षण द्यावे, हे प्रश्न गेली पन्नास वर्षे संशोधक, कामगार संघटना आणि शासन यांच्यासमोर आहेत. देशातील चार नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या असल्याने या प्रश्नांचा पुन्हा एकदा विचार करणे उचित ठरेल.

हंगाम आणि प्रवास

बीड जिल्हा हे या स्थलांतराचे प्रमुख केंद्र होय. त्याखेरीज अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी-शेवगावचा भाग, जालना, परभणी, धाराशिव, लातूर, नांदेड, नाशिक, जळगाव, तसेच सांगली व सोलापूर जिल्ह्यांचे कोरडवाहू तालुके येथूनही मोठ्या संख्येने कुटुंबे बाहेर पडतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक व ट्रॅक्टर गावात येतात. भांडीकुंडी, धान्य, जळण, शेळ्या-कोंबड्या आणि लहान मुले यांसह कुटुंबे कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर या जिल्ह्यांकडे किंवा सीमेपलीकडे कर्नाटक व गुजरातकडे रवाना होतात. परत येणे होते ते उन्हाळ्यात, गाळप संपल्यावर. या कामगारांची निश्चित गणना नसल्याने निरनिराळे अंदाज केले जातात. ते साधारणतः आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंतचे आहेत.

या व्यवस्थेमागे साखरनिर्मितीचे शास्त्र आहे. तोडलेला ऊस फार काळ पडून राहिला तर त्याचे वजन घटते आणि साखरेचा उतारा कमी होतो. त्यामुळे तोडणीनंतर शक्य तितक्या लवकर, साधारणपणे एका दिवसाच्या आत, गाळप होणे इष्ट असते. दुसरीकडे कारखाना एकदा सुरू झाला की तो अहोरात्र चालतो आणि उसाअभावी बंद राहिला तर प्रत्येक तासाला नुकसान होते. म्हणून कारखान्याला असा मजूर हवा असतो जो फडाशेजारीच राहतो, पहाटे अंधारात कोयता उचलतो आणि मध्यरात्री गाडी आली तरी ती भरून देतो. स्थानिक मजूर, ज्याला आपले घर, शेत व इतर कामे आहेत, या वेळापत्रकात सहसा बसत नाही. पाल टाकून किंवा कोपी बांधून राहणारे स्थलांतरित कुटुंब त्यात बसते.

कामाचे एकक ‘कोयता’ हे आहे. एक कोयता म्हणजे पतिपत्नीची जोडी. पुरुषाने ऊस तोडावा, स्त्रीने पाचट काढून मोळ्या बांधाव्यात आणि दोघांनी गाडी भरावी, अशी सर्वसाधारण विभागणी असते. ट्रकपर्यंत डोक्यावरून मोळ्या वाहून नेणाऱ्यांचे ‘डोकी सेंटर’, बैलगाडीने ऊस कारखान्यावर नेणाऱ्यांचे ‘गाडी सेंटर’, असे प्रकार आहेत. मजुरी टनावर मिळते. एक जोडी दिवसाकाठी साधारण दोन टन ऊस तोडते. उसाचे वाढे विकून थोडेफार पैसे सुटतात, ते आठवड्याच्या बाजाराला उपयोगी पडतात.

उचलीचा हिशोब

या व्यवस्थेचा कणा मुकादम हा आहे. हंगामापूर्वी कारखाना, किंवा अनेक ठिकाणी कारखान्याशी संलग्न असलेली तोडणी-वाहतूक संस्था, मुकादमाशी किंवा वाहनमालकाशी करार करून त्याला आगाऊ रक्कम देते. मुकादम त्यातून कामगारांना ‘उचल’ देतो. पावसाळ्यात, जेव्हा घरात धान्य नसते, मुलीचे लग्न ठरलेले असते किंवा दवाखान्याचा खर्च निघालेला असतो, तेव्हा ही उचल हाती पडते. अलीकडे एका जोडीस पन्नास हजारांपासून लाखभर रुपयांपर्यंत आणि काही वेळा त्याहूनही अधिक उचल दिली जाते. ती पुढे कामातून फेडावयाची असते.

या फेडीचा हिशोब उदाहरणाने स्पष्ट होईल. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारानुसार तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनास सुमारे ३६६ रुपये झाला. दिवसाला दोन टन धरल्यास जोडीची दैनिक कमाई ७३२ रुपये होते. समजा, त्या जोडीने ८० हजार रुपये उचल घेतली आहे. ती फेडण्यास जवळजवळ ११० दिवस लागतील आणि या ११० दिवसांत एकही दिवस आजारपणाचा, पावसाचा किंवा गाडी न आल्याचा धरलेला नाही. गाळप ९० दिवसांतच आटोपले तर कमाई ६६ हजारांच्या आतच राहते आणि १४ हजारांहून अधिक रक्कम कामगाराच्या नावे पडते. हंगामात खर्चासाठी घेतलेले पैसे त्यात मिळविले तर बाकी आणखी वाढते. पुढील वर्षी त्याच मुकादमाकडे जाणे मग ओघानेच येते.

मुकादमाची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. त्यालाही कारखान्याची रक्कम फेडावयाची असते. उचल घेऊन कामगार न आल्यास तो स्वतः कर्जात बुडतो. यातूनच कामगारांना अडकवून ठेवणे, कुटुंबीयांना धमकावणे, तसेच मुकादमांची फसवणूक होणे, असे दोन्ही बाजूंचे तंटे दर हंगामात पोलीस ठाण्यांपर्यंत येतात. कारखान्याची जोखीम मुकादमावर आणि मुकादमाची जोखीम कामगारावर, अशी ही उतरंड आहे. तिच्या तळाशी असलेल्या कुटुंबाला ती पुढे ढकलण्यास कोणी उरत नाही.

संशोधनाने काय दाखविले

हंगामी स्थलांतराच्या अभ्यासात नेदरलँड्सचे समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. १९६०च्या दशकाच्या प्रारंभापासून त्यांनी दक्षिण गुजरातमधील खेड्यांत प्रत्यक्ष राहून शेतमजुरांचा अभ्यास केला. बारडोली परिसरातील सहकारी साखर कारखान्यांवर ऊस तोडण्यासाठी येणाऱ्या मजुरांविषयी त्यांचा लेख १९७८ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे की, हे मजूर प्रामुख्याने खानदेशातून गेलेले होते.

ब्रेमन यांच्यासमोर एक कोडे होते. बारडोलीच्या आसपास हळपती व इतर भूमिहीन मजुरांना पुरेसे काम मिळत नसताना कारखाने शेकडो मैलांवरून मजूर का आणतात? त्यांचा निष्कर्ष असा होता की, हा प्रश्न मजुरांच्या तुटवड्याचा नसून नियंत्रणाचा आहे. बाहेरून आलेला, उचलीने बांधलेला आणि परक्या मुलखात आप्तेष्टांवाचून राहणारा मजूर दिवसरात्र उपलब्ध असतो व सहसा गाऱ्हाणे करीत नाही. स्थानिक मजूर मात्र काम शोधण्यासाठी अन्यत्र जातो. पुढे १९८५ व १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यांनी हा विचार अधिक विस्ताराने मांडला. खेड्यातून बाहेर पडलेला मजूर शहरात वा कारखान्यात स्थिरावतो, ही जुनी समजूत त्यांनी दुरुस्त केली. फार मोठा श्रमिकवर्ग कोठेच स्थिरावत नाही, तो वर्षानुवर्षे ये-जा करीत राहतो, हे त्यांनी दाखवून दिले.

शिक्षणविषयक अभ्यासांनी दुसरा पैलू पुढे आणला. आईवडिलांबरोबर जाणाऱ्या मुलांचे शाळेचे वर्ष मध्येच तुटते. पहिले सत्र गावी, दुसरे फडावर आणि परीक्षेच्या वेळी पुन्हा प्रवासात, असा हा क्रम असतो. मोठ्या मुलींवर धाकट्या भावंडांची जबाबदारी पडते. या अभ्यासांमुळे व त्यांबरोबर झालेल्या प्रयोगांमुळे कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. मुलांना आजी-आजोबांजवळ गावीच ठेवता यावे यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आली.

तिसरा पैलू स्त्रियांच्या आरोग्याचा आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याची बाब पुढे आल्यावर राज्य शासनाने २०१९ साली विधानपरिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. याची कारणे वैद्यकीय जेवढी, तेवढीच कामाच्या पद्धतीत आहेत. मासिक पाळीत वा आजारपणात सुट्टी घेतली तर त्या दिवसाची मजुरी जाते आणि वर खाड्याचा दंड बसतो. फडावर शौचालय व पुरेसे पाणी नसते, जड मोळ्या उचलाव्या लागतात आणि विवाह लहान वयात झालेला असतो. उपचारासाठी खर्च करण्यापेक्षा ‘पिशवी काढून टाकणे’ सोयीचे वाटावे, ही परिस्थितीच मुळात तपासली पाहिजे, हा या पाहणीचा धडा होय. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२३ साली स्थलांतरित ऊसतोडणी कामगारांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

मोजणीतून निसटणारा माणूस

धोरण आखण्यास आकडे लागतात आणि येथेच मोठी अडचण येते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात स्थलांतरितांची संख्या ४५ कोटींहून अधिक होती. परंतु त्यांत विवाहानंतर सासरी गेलेल्या स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे. हंगामापुरते जाऊन परतणाऱ्यांचे चित्र जनगणनेतून नीट उमटत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००७-०८ मधील ६४ व्या फेरीत अल्पकालीन स्थलांतरिताची व्याख्या, कामासाठी वर्षभरात एक महिना किंवा अधिक परंतु सहा महिन्यांपेक्षा कमी काळ गावाबाहेर राहिलेली व्यक्ती, अशी होती. दिवाळीपूर्वी निघून अक्षय्य तृतीयेच्या सुमारास परतणारे कुटुंब सहा महिन्यांची मर्यादा ओलांडते आणि अल्पकालीन स्थलांतरितांच्या रकान्यातून बाहेर पडते. ते कायमचे स्थलांतरितही नसते.

राष्ट्रीय ग्रामीण श्रम आयोगाने १९९१ साली देशाच्या ग्रामीण भागातील हंगामी स्थलांतरितांची संख्या एक कोटीहून अधिक असल्याचा अंदाज केला होता व त्यांपैकी सुमारे ४५ लाख परराज्यांत जाणारे असल्याचे म्हटले होते. याचा अर्थ असा की, निम्म्याहून अधिक हंगामी मजूर राज्याच्या सीमेच्या आतच स्थलांतर करतात. हा मुद्दा कायद्याच्या संदर्भात अत्यंत महत्त्वाचा आहे.

गिरणीतील जॉबर आणि फडावरील मुकादम

मध्यस्थामार्फत मजूर भरती करण्याची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत रत्नागिरी, सातारा, पुणे या भागांतून आलेले कामगार जॉबरच्या हाताखाली काम करीत. त्याची मर्जी राखल्याविना काम मिळत नसे. १९३१ साली अहवाल देणाऱ्या शाही श्रम आयोगाने असे नोंदविले होते की, कामगार शहराच्या ओढीने येत नसून गावातील परिस्थिती त्याला बाहेर लोटते. पुढे राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, गिरणी कामगाराने गावाशी नाते टिकविले ते मागासलेपणामुळे नव्हे. शहरातील रोजगाराची शाश्वती नसल्यामुळे गाव हाच त्याचा आधार होता, आणि संपाच्या काळात तोच आधार त्याच्या संघटनेचे बळ ठरे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करण्याचे कार्य १८८०च्या दशकात आरंभिले. १९२६ साली कामगार संघटनांचा कायदा झाला आणि १९२८ च्या मोठ्या संपातून गिरणी कामगार युनियन उदयास आली. हजारो माणसे एका छपराखाली काम करीत होती, गिरणगावातील चाळींत शेजारी राहत होती. ऊसतोडणी कामगारांच्या बाबतीत याउलट स्थिती आहे. दहा-वीस कोयत्यांची एक टोळी, अशा टोळ्या शेकडो फडांवर विखुरलेल्या, आणि टोळीतील माणसे एकाच गावची व नात्यागोत्याची, मुकादमही त्यांच्यापैकीच. अशा परिस्थितीत संघटना उभी राहणे कठीण असते.

संघटना आणि करार

तरीही ती उभी राहिली. बबनराव ढाकणे, गोपीनाथराव मुंडे यांच्यासारख्या नेत्यांनी तसेच डाव्या विचारांच्या कामगार संघटनांनी या कामगारांना संघटित केले. या संघटनांनी संपाचे एक वेगळे तंत्र विकसित केले. गिरणी कामगाराचा संप कामाच्या ठिकाणी होतो. ऊसतोडणी कामगाराचा संप गावात होतो आणि तो हंगामाच्या तोंडावर होतो. गाड्या भरण्यापूर्वी ‘कोयता बंद’ पुकारला की कारखान्यांचे गाळप लांबते. एकदा कामगार फडावर पोचला की त्याची सौदाशक्ती संपते, हे नेत्यांनी ओळखले होते. त्यातून राज्य सहकारी साखर कारखाना संघ व कामगार संघटना यांच्यात ठराविक वर्षांसाठी राज्यव्यापी करार करण्याची प्रथा पडली. दोन्ही बाजूंच्या ज्येष्ठ नेत्यांच्या मध्यस्थीने दर ठरू लागले. २०२० साली दरात १४ टक्के वाढ झाली, २०२४ च्या करारात ३४ टक्के.

देशातील असंघटित क्षेत्रात राज्यव्यापी सामूहिक सौद्याची अशी उदाहरणे थोडी आहेत, हे या संघटनांचे यश होय. मात्र या यशाची एक मर्यादा आहे. मुकादमही याच संघटनांचे सभासद असतात आणि कराराच्या वाटाघाटीत मजुरीच्या दराबरोबरच मुकादमाचे कमिशनही ठरते. २०२४ च्या करारात ते १९ टक्क्यांवरून २० टक्के झाले. जो मध्यस्थ कामगाराला उचलीने बांधतो तोच त्याच्या आंदोलनाचाही पुढारी असतो. दर वाढविण्याच्या मागणीत दोघांचे हित एक असते. परंतु उचलीची लेखी पावती, थेट बँक खात्यात मजुरी, स्त्रीच्या नावाने वेगळी नोंद या मागण्यांच्या बाबतीत ते एक असेलच असे नाही. म्हणूनच करारात दरावर जेवढी चर्चा होते तेवढी राहण्याची सोय, पाणी, आरोग्य वा कामाचे तास यांवर होत नाही.

कायद्याची वाटचाल

स्थलांतरित कामगारांसाठी विशेष कायदा १९७९ साली झाला. ओडिशातून ‘दादन’ पद्धतीने नेल्या जाणाऱ्या मजुरांच्या शोषणाची चर्चा त्यामागे होती. पाच किंवा अधिक परराज्यीय कामगार कंत्राटदारामार्फत नेले गेल्यास कंत्राटदाराने परवाना घ्यावा, प्रत्येक कामगारास पासबुक द्यावे, विस्थापन भत्ता व प्रवास भत्ता द्यावा, निवास व वैद्यकीय सोय करावी, अशा तरतुदी त्यात होत्या. तरतुदी उत्तम होत्या. परंतु पाटोद्याहून कोल्हापूरला जाणारा कामगार त्या कायद्याच्या कक्षेत येत नव्हता, कारण तो राज्याची सीमा ओलांडत नव्हता. त्याच गावातून बेळगाव जिल्ह्यात गेलेला त्याचा भाऊ मात्र कक्षेत येत होता. दोघांची उचल, दोघांची कोपी आणि दोघांचे काम एकच होते.

अन्य कायद्यांचा आधार मात्र उपलब्ध होता व आहे. १९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा केवळ पिढीजात वेठबिगारीपुरता नाही. आगाऊ रकमेच्या मोबदल्यात ज्याचे अन्यत्र काम करण्याचे वा फिरण्याचे स्वातंत्र्य हिरावले गेले आहे, त्यालाही तो लागू होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली, दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करवून घेणे ही संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली सक्तीची मजुरी होय, असा निर्णय दिला. हा १९७६ चा कायदा नव्या श्रमसंहितांत विलीन झालेला नाही. तो आजही स्वतंत्रपणे अंमलात आहे आणि जिल्हा व उपविभाग स्तरावरील दक्षता समित्यांची जबाबदारी कायम आहे.

दुसऱ्या राष्ट्रीय श्रम आयोगाने २००२ साली कामगार कायद्यांचे एकत्रीकरण करण्याची शिफारस केली होती. तदनुसार २०१९ व २०२० साली २९ केंद्रीय कायदे चार संहितांत समाविष्ट करण्यात आले. त्यांतील स्थलांतरितांविषयीच्या बदलांचे स्वरूप थोडक्यात असे सांगता येईल. परराज्यीय स्थलांतरित कामगाराच्या व्याख्येत आता कंत्राटदारामार्फत आलेल्यांबरोबरच स्वतःहून आलेल्या कामगाराचाही समावेश झाला आहे. मात्र त्याचे वेतन दरमहा १८ हजार रुपयांपेक्षा अधिक असता कामा नये. या तरतुदी लागू होण्यासाठी असे किमान दहा कामगार आस्थापनेत असावे लागतात. गावी जाण्यासाठी वर्षातून एकदा प्रवासभत्ता, शिधापत्रिकेचा लाभ कोठेही घेण्याची सोय आणि कामगारांची नोंदणी यांचाही अंतर्भाव आहे. किमान वेतनाचा हक्क सर्व क्षेत्रांतील कामगारांपर्यंत विस्तारला आहे.

हे बदल स्वागतार्ह असले तरी दोन गोष्टी लक्षात घेणे अगत्याचे आहे. पहिली, व्याख्येतील ‘परराज्य’ ही अट कायम आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जाणारा बहुसंख्य ऊसतोडणी कामगार स्थलांतरित म्हणून मिळणाऱ्या विशेष संरक्षणापासून अजूनही दूर आहे. त्याला किमान वेतन, कंत्राटी कामगार व सामाजिक सुरक्षा यांविषयीच्या सर्वसाधारण तरतुदींवर अवलंबून राहावे लागेल. दुसरी गोष्ट संघटनेविषयी आहे. नव्या औद्योगिक संबंध संहितेनुसार आस्थापनेच्या हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटीचा एकमेव अधिकार मिळविते. ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही त्याची गणना या ५१ टक्क्यांत कशी करावयाची? राज्यव्यापी करारामागील बळ आजवर मुख्यतः प्रथेचे व आंदोलनाचे राहिले आहे. संप करण्यापूर्वी नोटीस देण्याचे बंधनही, जे पूर्वी सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांपुरते होते, आता सर्वच आस्थापनांना लागू आहे.

टाळेबंदीचा धडा

मार्च २०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा महाराष्ट्रातील गाळप हंगाम अखेरच्या टप्प्यात होता. लाखाहून अधिक ऊसतोडणी कामगार पश्चिम महाराष्ट्रातील फडांवर अडकून पडले. एप्रिलच्या मध्यात राज्य शासनाने वैद्यकीय तपासणी करून त्यांना गावी परतण्याची परवानगी दिली. त्या वेळी कोणत्या गावचे किती लोक कोठे आहेत, याची माहिती बहुतांशी कारखान्यांच्या व मुकादमांच्या वह्यांतून गोळा करावी लागली. सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरितांच्या प्रश्नावर जून २०२१ मध्ये दिलेल्या निकालात असंघटित कामगारांची राष्ट्रीय नोंदणी व शिधापत्रिकेची देशव्यापी सोय त्वरित पूर्ण करण्याचे आदेश दिले. ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम नोंदणी सुरू झाली आणि तीत पुढे तीस कोटींहून अधिक कामगारांची नोंद झाली.

महाराष्ट्रात लोकनेते गोपीनाथराव मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाची स्थापना झाली असून त्याच्या निधीसाठी गाळप केलेल्या उसावर प्रतिटन दहा रुपये कारखान्यांकडून व तितकाच वाटा शासनाकडून, असे सूत्र ठरविण्यात आले. संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेखाली ४१ तालुक्यांत मुलामुलींसाठी ८२ वसतिगृहे मंजूर झाली. कामगार संघटनांची मागणी याहून एक पाऊल पुढची आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याप्रमाणे वैधानिक मंडळ असावे, असे त्यांचे म्हणणे आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगारांनी मिळविलेल्या त्या कायद्यात मालकाने मजुरी व तीवरील उपकर मंडळाकडे भरावयाचा आणि मंडळाने कामगाराला वेतन, भविष्यनिर्वाह निधी व इतर लाभ द्यावयाचे, अशी रचना आहे. माथाडी कामगारही बव्हंशी सातारा व आसपासच्या भागांतून मुंबईत आलेले स्थलांतरितच होते. मालक अनेक असले आणि काम तुटक असले तरी कामगाराला एका नोंदणीकृत मंडळाचा आधार देता येतो, हे या कायद्याने सिद्ध केले. महामंडळ कल्याणाच्या योजना राबविते, तर वैधानिक मंडळ मजुरीच्या व्यवहारातच मध्यस्थाची जागा घेते, हा दोहोंतील मूलभूत फरक होय.

दरम्यान, ऊसतोडणी यंत्रांची संख्या वाढत आहे आणि त्यांच्या खरेदीसाठी अनुदानही उपलब्ध आहे. लहान वाफे व अरुंद सऱ्यांमुळे यंत्राचा प्रसार सर्वत्र सारख्या वेगाने होणार नाही. तरीही मराठवाड्यातील कोरडवाहू गावांतील कुटुंबांना सहा महिन्यांचा पर्यायी रोजगार कोठून मिळेल, याचा विचार आतापासूनच होणे श्रेयस्कर ठरेल.

गावपातळीवरील कर्तव्य

या साऱ्या विवेचनात गावाचे स्थान महत्त्वाचे आहे, कारण कामगाराची ओळख कोठे निश्चित होत असेल तर ती त्याच्या गावीच. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांनी, ऊसतोडणी कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रे द्यावीत, असा शासनाचा निर्णय आहे. ही नोंदणी दसऱ्यापूर्वीच पूर्ण झाली पाहिजे. तीत पतीबरोबर पत्नीचे नाव कामगार म्हणून स्वतंत्रपणे लिहिले जाणे आवश्यक आहे. ‘एक कोयता’ अशी नोंद झाली की स्त्रीचे श्रम कागदावरून पुसले जातात आणि त्याबरोबर विमा, मातृत्वलाभ व निवृत्तिवेतन यांवरील तिचा दावाही दुबळा होतो. मुकादमाचे नाव, कारखान्याचे नाव, घेतलेली उचल व निघण्याची तारीख यांची नोंद ग्रामपंचायतीत असल्यास पुढे तंटा उद्भवल्यावर ती पुरावा म्हणून उपयोगी पडते.

शिक्षकांच्या बाबतीत, स्थलांतर करणाऱ्या प्रत्येक मुलासोबत शिक्षण हमी पत्रक दिले जाणे आणि ज्या गावच्या शिवारात टोळी उतरली आहे तेथील शाळेने त्या मुलाला विनाअडथळा सामावून घेणे, ही परस्परपूरक कर्तव्ये होत. हंगामी वसतिगृहासाठी गावातील मुलांची यादी पावसाळ्यातच तयार झाली तर दिवाळीनंतर धावपळ करावी लागत नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांनी निघण्यापूर्वी गरोदर स्त्रियांची तपासणी व बालकांचे लसीकरण करून त्याची नोंदपत्रिका सोबत द्यावी आणि कारखाना परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्रांनी टोळ्यांच्या वस्त्यांना नियमित भेट द्यावी. शिधापत्रिकेवर राज्यात कोणत्याही रास्तभाव दुकानातून धान्य मिळू शकते, ही माहिती अद्यापही अनेक कुटुंबांपर्यंत पोचलेली नाही. ती ग्रामसभेत दिली गेली पाहिजे. महसूल अधिकाऱ्यांनी उचलीवरून माणूस डांबून ठेवल्याची तक्रार आल्यास ती केवळ देण्याघेण्याचा खाजगी तंटा न मानता १९७६ च्या कायद्याखाली तपासावी.

संशोधकांनी कामगाराचे जीवन समोर मांडले, संघटनांनी त्याच्या मजुरीला दर मिळवून दिला आणि कायद्याने अनेक हक्कांना शब्दरूप दिले. परंतु राज्याच्या सीमेआड फिरणाऱ्या या कामगाराला हजेरीपटावर, शाळेच्या पटावर आणि गावच्या नोंदवहीत आपले नाव दिसेपर्यंत हे तिन्ही प्रयत्न अपुरेच राहतील. त्यांपैकी हजेरीपट कारखान्याच्या हाती आहे. उरलेल्या दोन नोंदी मात्र गावातील शिक्षक आणि पंचायत यांच्या हाती आहेत आणि त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.